किल्ली कमरेला, मग काचेला पाणी

दत्तोबाशेठांच्या ट्रक-यार्डात काच पुसण्याला परवापरवापर्यंत काच पुसणंच म्हणत. मग आदिनाथ सर आले आणि ते 'उंचीवरील काम' झालं.

आदिनाथ सर म्हणजे यार्डाचे नवे सेफ्टी ऑफिसर. रोज पुण्याहून कामशेतला यायचे. येताना त्यांनी स्वतःचं लॅमिनेशनचं मशीन आणलं होतं, आणि माणूस मशीन घेऊन आला की ते चालवल्याशिवाय त्याला करमत नाही. पहिल्या तीन दिवसांत पाण्याच्या टाकीपासून संडासाच्या कडीपर्यंत यार्डातली प्रत्येक वस्तू लॅमिनेट केलेली सूचना गळ्यात घालून उभी राहिली. फाटकाशी तर 'सुरक्षा हीच आमची पहिली पूजा' असा आठ फुटी फलकच लागला. चौथ्या दिवशी सांगण्यासारख्या वस्तू संपल्या, म्हणून सर माणसांकडे वळले आणि परिपत्रक निघालं.

परिपत्रकात म्हटलं होतं, की ट्रकची समोरची काच जमिनीपासून सहा फुटांच्या वर जात असल्याने ती साफ करणे हे उंचीवरील काम समजण्यात येईल, पन्नास वर्षांवरील व्यक्तीस उंचीवरील काम देण्यात येणार नाही, अंमलबजावणी दसऱ्यापासून. भाषा सर्वांना उद्देशून होती. पण यार्डात काचा पुसणारी व्यक्ती एकच, आणि तिचं वय एकसष्ट. त्यामुळे ते परिपत्रक चिमाबाईंना आलेल्या खासगी पत्रासारखं वाटत होतं.

चिमाबाई भाजे गावच्या. आधी तिथंच लेण्यांच्या पायथ्याशी, सहलीच्या बसगाड्या लागतात त्या मैदानात त्या काचा पुसायच्या. अकरा वर्षांपूर्वी दत्तोबांनी त्यांचं काम पाहिलं आणि यार्डात बोलावून घेतलं. उंची चार फूट दहा इंच. इतक्या वर्षांत त्या ना कुठल्या बंपरवर चढल्या, ना टायरवर. त्यांचं हत्यार म्हणजे कळकाची आठ फुटी काठी. टोकाला आडवी पट्टी. पट्टीच्या एका अंगाला स्पंज, दुसऱ्या अंगाला ट्रकच्याच टाकून दिलेल्या वायपरचं रबर. काठीला मध्ये एक लोखंडी आकडा. गाडी सपाटीला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, इंजिन बंद, आणि गाडीची किल्ली चिमाबाईंच्या कमरेला. त्याशिवाय काचेला पाणी लागत नसे. भाज्यात एकदा एका बसवाल्यानं गंमत म्हणून मध्येच वायपर चालू केला होता. तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, आणि पावसाच्या आदल्या दिवशी दुखते. वेधशाळेपेक्षा तिचं जास्त खरं ठरतं.

परिपत्रक चिमाबाईंनी दोनदा वाचलं. शाळा सातवीपर्यंतच झाली होती, पण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही छप्पन्न सालापासून त्यांच्या घरची रीत. घरात बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्यासमोर उभं राहून न वाचता सही करायला धीर लागतो. वाचून झाल्यावर त्या तडक सरांच्या केबिनीत गेल्या.

"सायब, उंचीवर कोन हाय? काच का मी?"

"मावशी, काम उंचीवर आहे."

"मंग ते भिंतीवरलं घड्याळ बी उंचीवरच हाय. पन्नाशीनंतर टाइम बघायचा न्हाई का?"

आदिनाथ सरांनी हे डायरीत लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घेत. मग म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा असतो मावशी. तुमच्यासाठी हलकं काम काढलंय. ऑफिसातल्या कुंड्या."

ऑफिसात कुंड्या सहा होत्या. फुलं प्लास्टिकची होती.

चिमाबाई दत्तोबांकडे गेल्या. दत्तोबा मूळ मावळातल्याच इंदुरीचे. बापाच्या एका बैलगाडीपासून चौदा ट्रेलरपर्यंत पोचलेला माणूस, त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही गोष्टीला घाबरत नसे. पण लॅमिनेट केलेल्या कागदाला घाबरे.

"चिमाबाई, सरांला मीच आणलं," ते म्हणाले. "आता मीच त्यांचं ऐकलं न्हाई, तर आणलं कशाला असं हुतंय."

चिमाबाईंनी काठी शेडच्या आढ्याला अडकवली, खंडेनवमीला घरी राहिल्या आणि दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून दरवर्षीप्रमाणे देहूरोडच्या विहारात गेल्या.

यार्डात जे घडलं, ते त्या नसतानाच घडलं.

खंडेनवमीला गाड्यांची पूजा होते. दरवर्षी काचेवर कुंकवाचं स्वस्तिक निघे. गेल्या वर्षी परतीच्या पावसानं ते दोन दिवसांत धुऊन नेलं होतं, आणि दत्तोबांना ते लागलं होतं. देवाचं काम टिकाऊ पाहिजे. म्हणून यंदा त्यांनी कुंकवाऐवजी शेंदूर आणला, तेलात कालवला, आणि स्टुलावर उभं राहून चौदा काचांवर चौदा स्वस्तिकं काढली. प्रत्येक परातीएवढं. देव ड्रायव्हरच्या समोर असावा म्हणून बरोबर स्टिअरिंगच्या समोर. त्यावर नारळ फुटले, काचेवर पाणी उडालं, झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या. स्टुलाला लॅमिनेट केलेली सूचना होती. दत्तोबा तिच्यावरच उभे होते.

आणि पूजेचं स्वस्तिक पुसायचं नसतं. ते आपोआप जायला लागतं. हे कोणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे ते मोडायची कोणाची छाती होत नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी गाड्यांची मुहूर्ताची फेरी होते. फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिला मान माऊलीचा. माऊली वडिवळ्याचा, यार्डातला सर्वांत जुना ड्रायव्हर, वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. त्यानं गाडी सुरू केली, स्वस्तिकाच्या डाव्या बाजूनं पाहिलं, उजव्या बाजूनं पाहिलं, आणि मावळतं ऊन तेलकट काचेवर असं फाकलं की त्याला सगळीकडे नुसता देवच दिसू लागला. त्याच अवस्थेत त्यानं 'सुरक्षा हीच आमची पहिली पूजा' हा फलक आडवा केला.

"म्या देवाच्या कडंनं बघत हुतो," माऊली नंतर म्हणाला. "पर देव लय मोठा काढलाय."

दुसऱ्या दिवशी चौदाही गाड्या माल भरून उभ्या. दुपारी बाराला निघायचं, वाटेत वजनकाट्याच्या रांगेत दोन-तीन तास मोडायचे, उन्हं उतरताना खंडाळ्याचा घाट उतरायचा, आणि तिथं ऊन थेट तोंडावर. आडवा फलक पाहून आदिनाथ सरांनी जाहीर केलं, की काचा साफ झाल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही. निर्णय बरोबरच होता. पण त्याला जोडून त्यांनी दुसरा निर्णय घेतला: साडेनऊ वाजता ते स्वतः सुरक्षित काच-सफाईचं प्रात्यक्षिक करून दाखवणार.

साडेनऊला माईक आला. नारळ फोडायचा होता, पण नारळानं काय केलंय ते समोरच दिसत असल्यामुळे फोडला नाही. आदिनाथ सर हेल्मेट, चष्मा, हातमोजे आणि कमरपट्टा घालून आले. पट्ट्याला जाडजूड दोर. उंचीवर काम करताना दोर वर कुठंतरी बांधायचा असतो, आणि ट्रकच्या तोंडापुढं वर आभाळाशिवाय काही नसतं. सरांनी थोडा विचार करून तो माऊलीच्या गाडीच्या आरशाच्या दांडीला बांधला. ॲल्युमिनियमची शिडी बंपरवर टेकवली. चिमाबाई ऑफिसच्या दारात कुंडीशी उभ्या राहून पाहत होत्या. प्लास्टिकच्या फुलांना पाणी घालून झालं होतं.

"सायब, किल्ली घेतली का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"मावशी, प्रात्यक्षिक चालू आहे," सर माईकवरून म्हणाले.

सर चढले. साबणाच्या पाण्यात बुडवलेला स्पंज त्यांनी स्वस्तिकावर फिरवला. आता तेलावर पाणी घातलं की काय होतं हे मावळातलं शेंबडं पोर सांगेल, पण ते परिपत्रकात नव्हतं. शेंदूर निघाला नाही, पसरला. परातीएवढा देव काचेएवढा झाला. आत बसलेल्या माऊलीला बाहेरचं जग शेंदरी दिसू लागलं. माऊली मदतीला कायम तयार. किल्ली गाडीलाच होती. त्यानं वायपर लावला.

वायपर शिडीवर आपटला. शिडी साबणाच्या बंपरवरून सरकली आणि खाली गेली. आदिनाथ सर मात्र गेले नाहीत. ते आरशाच्या दांडीला, जमिनीपासून दीड फुटावर, हातात स्पंज धरून लटकले. मग दांडी हळूहळू वाकत गेली आणि लिफ्टनं सोडावं तसं तिनं सरांना दोन्ही पायांवर अलगद खाली उतरवलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या दृष्टीनं प्रात्यक्षिक यशस्वीच झालं.

माऊलीनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. "सर, सेफ हाय न्हवं?"

यार्डात कोणी हसलं नाही. पण पाना शोधायच्या निमित्तानं पाच-सहा जण गाड्यांच्या मागे गेले आणि बराच वेळ त्यांना पाना सापडला नाही.

दहा वाजले. दत्तोबांनी घड्याळ बघितलं, शेंदरी काच बघितली, आभाळाकडे तोंड केलेला आरसा बघितला, आणि शेवटी ऑफिसच्या दाराकडे बघितलं.

"चिमाबाई..."

"कागदावर माजं वय बसत न्हाई, शेठ."

"आवो, आजच्या दिस."

"आजच्या दिस तर आजच्या दिस." त्यांनी पदर खोचला. "पर माज्या रीतीनं. चौदाच्या चौदा गाड्यांच्या किल्ल्या आना."

"एकेक घ्या की."

"गाड्या वळीनं उब्या हायत. मी एकीम्होरं असताना शेजारची सुरू झाली, तर मला काय दोर बांदलाय?"

किल्ल्या आल्या. चिमाबाईंनी त्या सुतळीत ओवून कमरेला बांधल्या. चालताना त्यांचा आवाज बैलपोळ्यातल्या घुंगरांसारखा येऊ लागला. त्यांनी चाकांखालचे ठोकळे स्वतः पायानं ठोकून पाहिले, आणि माऊलीला खाली उतरवलं. तो उतरला, पण काचेसमोर आडवा आला.

"मावशी, पुसायचं न्हाई हां. आपोआप जायला पायजे."

"कदी जाईल?"

"जाईल आखाडापतुर."

"आन तंवर घाट कसा उतरायचा? डोळं मिटून?"

माऊली घुटमळला. "तुमास्नी काय मावशी, तुमी मानत न्हाई."

"म्हनून तर सांगती. देव तुमचा हाय, रस्ता समद्यांचा हाय." चिमाबाईंनी काठी आढ्यावरून काढली. "आन मला सांग, गनपती बसवता, पुजता, मंग पान्यात सोडता. तवा म्हनता का आपोआप जाऊ द्या म्हनून?"

यावर सगळ्यांनी दत्तोबांकडे पाहिलं. दत्तोबांनी इंदुरीच्या गणेश मंडळाचं अध्यक्षपद नऊ वर्षं भूषवलं होतं. हा मुद्दा त्यांच्या अखत्यारीतला होता.

"विसर्जन चालतंय," ते म्हणाले.

"आन नवं काढायचं तर दारावर काढा. घरात बी मान्सं दारावरच काढत्यात, डोळ्यात न्हाई काढत."

एवढं साधं आपल्याला का सुचलं नाही, याचा दत्तोबांना जरा राग आला, आणि मग त्या रागातच त्यांनी कुंकवाची डबी मागवली.

चिमाबाईंनी आधी पाण्याला हातच लावला नाही. खाणावळीतून दसऱ्याच्या भज्यांचं उरलेलं बेसन आणलं, कोरडं फडकं काठीच्या टोकाला गुंडाळलं, त्यावर बेसन घेतलं आणि स्वस्तिकावर टिपत गेल्या. घासलं नाही, नुसतं टिपलं. बेसन तेल पीत गेलं, पिवळ्याचं केशरी झालं. फडकं बदललं, पुन्हा टिपलं. पहिल्या फडक्यातलं चिमूटभर त्यांनी माऊलीसमोर धरलं. त्यानं ते कपाळाला लावलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. सरांनी पसरवून ठेवलेल्या गाडीला मात्र तीन फडकी लागली. नारळपाण्याच्या वाळलेल्या डागांवर त्यांनी ओलं गोणपाट चिकटवून ठेवलं.

"हे कशासाठी?" आदिनाथ सर कधी येऊन शेजारी उभे राहिले होते, कळलं नाही. हेल्मेट काढलं होतं, डायरी उघडी होती.

"त्यात धूळ-खडी अडकलेली असती. कोरडं घासलं तर काचंला वरखडं जात्यात. मंग रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्या वरखड्यांत फुटतो. भिजू द्यायचं, आपनहून सुटतं."

सरांनी लिहून घेतलं.

मग काठीच्या आकड्यानं दोन्ही वायपर उभे केले. पाइपानं वरून पाणी, स्पंजानं साबण, पुन्हा पाणी, आणि शेवटी रबराची पट्टी. काचेच्या वरच्या कोपऱ्यापासून खाली एकच सरळ ओढ; मग शेजारी दुसरी. प्रत्येक ओढीनंतर पट्टी फडक्याला पुसायची. आठव्या ओढीला काच संपली. दोन्ही पाय जमिनीवरच होते, चपलांसकट. काच इतकी स्वच्छ झाली, की माऊलीनं हात लावून ती आहे ना याची खात्री करायला बघितलं. चिमाबाईंनी त्याच्या हातावर काठी मारली.

"बोटं उमटत्यात!"

पहिल्या गाडीला बारा मिनिटं लागली. दुसरीला नऊ. तिसऱ्या गाडीपासून ड्रायव्हर ओळीनं पुढं पळून आपापल्या काचेवर गोणपाट भिजत घालू लागले, आणि मग सहा. चिमाबाईंच्या मागून दत्तोबा कुंकवाची डबी घेऊन गाड्यांच्या दारांवर बोटाएवढी स्वस्तिकं काढत येत होते. तेही यंदा जमिनीवर उभे राहूनच. पावणेबारा वाजता चौदाव्या काचेवरून शेवटची ओढ खाली आली. ओळीत चौदा काचा अशा लखलखत उभ्या राहिल्या, की पलीकडच्या चौदा रिकाम्या सीटा मोजता याव्यात.

ड्रायव्हर किल्ल्यांसाठी येऊन थांबले. चिमाबाई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या.

"मावशी, किल्ली."

"बसा की. गडबड काय हाय?"

"बारा वाजत्यात," दत्तोबा म्हणाले. "गाड्या निघायच्या हायत चिमाबाई."

"निघतील कशा?" चिमाबाईंनी पोलक्यातून घडी घातलेला कागद काढला, मांडीवर सरळ केला. "हितं लिवलंय, पन्नाशीच्या वरच्या मान्सानं काच साफ करायची न्हाई. मी एकसष्टाची. म्हंजे कागदानं बगितलं, तर या काचा कुनी साफ केल्याच न्हाईत. आन काचा साफ झाल्याबिगर एक बी गाडी भाईर जायाची न्हाई, हे सायबच समद्यांम्होरं बोलल्यात. बरूबर ना सायब?"

सगळे आदिनाथ सरांकडे वळले. दत्तोबांच्या डोळ्यांत विनवणी होती. पण सरांचं एक होतं: लटकला तरी माणूस प्रामाणिक होता. त्यांनी स्वतःचं परिपत्रक स्वतः वाचलं, वरून खाली, एकदा. मग डायरी मिटली.

"तांत्रिकदृष्ट्या मावशी बरोबर आहेत," ते म्हणाले. "गाड्या सोडता येणार नाहीत."

"आरं देवा!" दत्तोबांनी कपाळाला हात लावला; कपाळ लाल झालं. "मंग बदला की तो कागद!"

"मीही तेच म्हणतोय," सर म्हणाले, आणि चिमाबाईंसमोर उकिडवे बसले. "मावशी, सांगा. मी लिहितो."

चिमाबाईंनी घाई केली नाही. अकरा वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं.

"लिवा. काच वर असती, मान्सानं खाली ऱ्हावं. ज्याला खालनं जमत न्हाई, त्यानं पुसू ने, मग तो पंचविशीचा का असंना. बंपरवर, चाकावर, शिडीवर पाय न्हाई."

"शिडीवरही नाही?"

"तुमी सांगा."

सरांनी 'शिडीवरही नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"किल्ली कमरेला, मग काचेला पानी. आन काच झाली असं काठीवाली म्हनंल तवाच गाडी सुटल. शेठ म्हनलं तरी न्हाई." त्या थांबल्या. "वयाचं खोडलं?"

"खोडलं."

"दावा."

सरांनी दाखवलं. चिमाबाईंनी कागद दोनदा वाचला. "आता ते गरम मशीन चालवा."

बारा वाजून अकरा मिनिटांनी, यार्डाच्या इतिहासात प्रथमच, चौदा ड्रायव्हर आणि एक मालक एका लॅमिनेशनची वाट बघत ऑफिसबाहेर उभे होते. कागद आला. चिमाबाईंनी तो हातात घेऊन फुंकर मारली, थंड झाल्याची खात्री केली, आणि मग कमरेची सुतळी सोडली. एकेक किल्ली त्या एकेकाच्या तळहातावर ठेवत गेल्या. माऊलीनं किल्ली घेताना वाकून नमस्कार केला.

"पाया नगं पडू. आरसा सरळ कर आदी. आभाळात ट्राफिक न्हाई."

गाड्या निघाल्या. आडव्या पडलेल्या फलकावरून न जाता, त्याला वळसा घालून, एकामागून एक चौदा. प्रत्येक जण जाताना हॉर्न वाजवत होता. यार्डात हॉर्न वाजवायला मनाई आहे, तशी सूचना आहे; आदिनाथ सर तिच्या शेजारीच उभे होते आणि त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

पाचच्या सुमाराला माऊलीचा फोन आला. घाट उतरून तो चहाला थांबला होता.

"मावशी, ऊन पार तोंडावर हुतं. तरी समदं दिसलं बगा. वळनावरलं माकड बी दिसलं."

"माकडाला दिसलास का तू?"

"दिसलो की!"

"मंग झालं," चिमाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी जायच्या आधी त्यांनी काठीचं रबर पुसलं, काठी आढ्याला टांगली, आणि ऑफिसात डोकावल्या. कागद भिंतीवर लागला होता, पण घड्याळाच्याही वर. खालून नीट वाचता येत नव्हता. तो खाली घ्यायला सर स्टूल घेऊनच निघाले होते.

"ऱ्हावू द्या सायब," चिमाबाई म्हणाल्या. शेडात गेल्या, काठी घेऊन आल्या, आकड्यानं कागद अलगद काढला आणि दाराशेजारी, आपल्या डोळ्यांसमोर येईल असा टाचला. जमिनीपासून बरोबर साडेचार फुटांवर.

आदिनाथ सरांनी डायरी काढली. मग ती तशीच खिशात ठेवली, आणि 'हलक्या कामा'च्या त्या सहाही कुंड्या स्वतःच बाहेर उन्हात नेऊन ठेवल्या.